जखम गेली, आजार राहिला : ‘गरमी’ या रोगाची पाचशे वर्षांची गोष्ट

वाचकहो, एका प्रसंगापासून सुरुवात करतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

चौथा महिना लागलेली एक तरुणी तपासणीला आली होती. गरोदरपणात करतात त्या नेहमीच्या रक्तचाचण्यांमध्ये तिची व्हीडीआरएल चाचणी पॉझिटिव्ह आली. सोबत नवरा आणि सासूबाई होत्या. अहवालाचा अर्थ कळल्यावर सासूबाईंनी पहिल्यांदा सुनेकडे पाहिले. त्या नजरेत प्रश्न नव्हता, निकाल होता. मी त्यांना बाहेर बसायला सांगितले आणि नवऱ्याला एकट्याला विचारले, “गेल्या वर्षभरात लघवीच्या जागी कधी जखम, फोड काही झालं होतं का?”

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “झाला होता एक फोड. दुखत नव्हता. मला वाटलं उष्णता झाली. सब्जा घेतला, धणे-जिऱ्याचं पाणी प्यायलो. तीन-चार आठवड्यांत गेला. बरं झालं होतं, डॉक्टर.”

“बरं झालं होतं.” आजचा लेख या तीन शब्दांबद्दल आहे. हेच शब्द गेली पाचशे वर्षे राजे, सैनिक, वैद्य, हकीम आणि मोठमोठे युरोपीय डॉक्टर म्हणत आले. सगळे एकाच ठिकाणी फसले. ते कसे फसले हे समजले, तर हा आजार कसा पसरतो, तो कसा ओळखायचा आणि उपचार कसे करायचे, हेही आपोआप समजेल.

दोष द्यायला दुसऱ्याचे गाव

ज्याला डॉक्टर सिफिलिस म्हणतात, त्याला आपल्याकडे जुनी माणसे ‘गरमी’ म्हणतात. पुस्तकी मराठीत ‘उपदंश’ हा शब्द आहे. पण याचे सर्वांत बोलके नाव आयुर्वेदाच्या एका ग्रंथात सापडते : ‘फिरंग रोग’. फिरंग्यांचा रोग!

१४९५ साली फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स याच्या फौजेने इटलीतले नेपल्स शहर घेतले. त्या फौजेत अनेक देशांचे भाडोत्री सैनिक होते. त्याच सुमारास तिथे एक नवा, भयंकर रोग उफाळला. अंगभर फोड, हाडांत वेदना, झडलेले मांस. फौज मोडली, सैनिक आपापल्या देशी परतले आणि रोग त्यांच्याबरोबर गेला. दोनच वर्षे आधी कोलंबस अमेरिकेहून परतला होता, म्हणून त्याच्या खलाशांनी हा रोग आणला असे पुष्कळ इतिहासकार मानतात. काहींच्या मते तो जुन्या जगात आधीपासूनच वेगळ्या रूपात होता. हा वाद आजही चालू आहे.

पण त्या काळच्या लोकांना वाद घालायची गरज वाटली नाही. दोषी कोण हे प्रत्येकाला माहीत होते : शेजारी. इटालियन आणि जर्मन लोक याला ‘फ्रेंच रोग’ म्हणू लागले. फ्रेंच म्हणाले ‘नेपल्सचा रोग’. रशियन लोकांनी पोलंडचे नाव दिले, तर तुर्कांनी ख्रिस्ती लोकांचे. १५३० साली फ्राकास्तोरो या इटालियन वैद्याने या रोगावर एक लॅटिन काव्य लिहिले. त्यात देवाचा कोप झालेल्या मेंढपाळाचे नाव होते सिफिलस. त्यावरून आजचे ‘सिफिलिस’ हे नाव आले. तिथेही रोग म्हणजे पापाची शिक्षाच!

वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला उतरला. पुढच्या काही दशकांत पोर्तुगीज वखारी पश्चिम किनाऱ्यावर पसरल्या. सोळाव्या शतकातल्या भावमिश्रांनी ‘भावप्रकाश’ या ग्रंथात फिरंग रोगाचे स्वतंत्र वर्णन केले. हा रोग फिरंग्यांच्या देशात फार, तो फिरंगी स्त्री-पुरुषांच्या संगाने होतो, असे ते सांगतात. म्हणजे नाव ठेवण्याच्या खेळात आपणही मागे राहिलो नाही.

मात्र भावमिश्रांची नजर पक्की होती. त्यांनी या रोगाचे तीन प्रकार सांगितले : बाहेरचा, आतला आणि दोन्हीकडचा. बाहेरचा फोडांसारखा, कमी दुखणारा आणि बरा व्हायला सोपा. आतला सांध्यांत शिरणारा आणि कष्टाने बरा होणारा. उपद्रवांत त्यांनी अशक्तपणा, हाडे झिजणे व वाकडी होणे, आणि नाक बसणे हेही नोंदवले आहे. आजच्या पाठ्यपुस्तकात जुनाट सिफिलिसची जी चिन्हे दिली आहेत, त्यांच्याशी हे वर्णन ताडून पाहिले की आश्चर्य वाटते.

पारा, चोपचीनी आणि फुकटचे श्रेय

उपचार म्हणून भावप्रकाशात दोन गोष्टी ठळकपणे येतात : पाऱ्यापासून केलेला रसकर्पूर आणि चोपचीनी. चोपचीनी ही चीनकडून समुद्रमार्गे येणारी मुळी. तिची कीर्ती इतकी होती की गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या औषधींवरच्या ग्रंथात तिच्यावर एक अख्खे प्रकरण लिहिले. हेच ओर्ता अहमदनगरच्या निजामशाही दरबारातही वैद्य म्हणून जात.

युरोपात पारा अंगाला चोळत, त्याची धुरी देत, पोटातही देत. रुग्णाच्या तोंडातून लाळेची धार लागे. डॉक्टर म्हणत, विष बाहेर पडते आहे. खरे तर ती पाऱ्याची विषबाधा होती. हिरड्या सडत, दात पडत, काही रुग्ण रोगाआधी औषधानेच मरत. तरीही ही पद्धत चारशे वर्षे टिकली.

का टिकली? कारण पारा लावला की फोड जात असे. चोपचीनी घेतली की फोड जात असे. आणि माझ्या रुग्णाने सब्जा घेतला, तेव्हाही फोड गेला.

वाचकहो, सगळी मेख इथेच आहे. काहीही केले नसते तरी तो फोड गेलाच असता.

हा रोग नेमका वागतो कसा?

सिफिलिसचा जंतू शरीरात शिरल्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी, कधी नऊ-दहा दिवसांनी तर कधी तीन महिन्यांनीही, शिरकावाच्या जागी एक जखम होते. बहुधा एकच. कडा कडक, तळ स्वच्छ आणि न दुखणारी. पुरुषात ती लिंगावर दिसते. स्त्रीत ती योनीच्या आत किंवा गर्भाशयाच्या तोंडावर असली, तर दिसतही नाही. ओठावर, तोंडात किंवा गुदद्वाराशीही होऊ शकते. सोबत जांघेत अवधाण येते, तेही फारसे दुखत नाही. ही पहिली पायरी. तीन ते सहा आठवड्यांत ही जखम आपोआप भरते. उपचार केला तरी भरते, नाही केला तरी भरते.

पण जंतू गेलेला नसतो. तो रक्तातून सर्व शरीरात पसरलेला असतो. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी दुसरी पायरी येते. अंगावर पुरळ उठते, विशेषतः तळहात आणि तळपायांवर. बहुधा खाज नसते. बारीक ताप, घसा दुखणे, तोंडात पांढुरके चट्टे, ठिकठिकाणी केस विरळ होणे, गुप्तांगाभोवती ओलसर चपट्या गाठी. या काळात रुग्णाकडून दुसऱ्याला रोग लागण्याची शक्यता फार असते. लोक याला पित्त उठले, ॲलर्जी झाली असे समजतात. काही आठवड्यांत हेही आपोआप जाते. पुन्हा श्रेय कुणाला तरी मिळते : मलमाला, पथ्याला, नवसाला.

मग सुरू होतो मुका काळ. बाहेर एकही लक्षण नाही. फक्त रक्तचाचणी बोलते. हा काळ वर्षानुवर्षे, कधी आयुष्यभर चालतो.

आणि काहींच्या बाबतीत दहा, वीस, तीस वर्षांनी शेवटची पायरी येते. हाडांत आणि कातडीत गाठी होतात, हृदयाजवळची महाधमनी फुगते, मेंदू आणि मज्जारज्जू बिघडतात. तोवर तरुणपणीचा तो फोड कुणाला आठवत असतो? मेंदू, डोळे आणि कान यांना इजा मात्र कोणत्याही पायरीवर होऊ शकते, हे लक्षात ठेवा.

उपचार न केलेल्या किती जणांना ही शेवटची पायरी गाठते? याचे उत्तर नॉर्वेतून मिळाले. ओस्लोच्या प्राध्यापक बोएक यांना पाऱ्याने भले होण्याऐवजी वाईटच होते असे वाटे. १८९१ ते १९१० या काळात त्यांनी सुमारे दोन हजार रुग्णांना पारा दिलाच नाही. लक्षणे जाईपर्यंत त्यांना रुग्णालयात ठेवले. नंतरच्या डॉक्टरांनी यातल्या अनेकांचा माग काढला. साधारण तिघांपैकी एकाला पुढे गंभीर त्रास झाला होता, दोघांना नाही. तिघांपैकी दोघे सुटतात म्हणून सब्जाला साक्षीदार भरपूर मिळतात. तिसरा माणूस साक्ष द्यायला वीस वर्षांनी येतो.

तपासणी फक्त बायकांची

डोळ्यांना दिसते तेवढाच रोग, या समजुतीतून एक क्रूर कायदा जन्माला आला. गोऱ्या सैनिकांमध्ये गुप्तरोग फार वाढले, म्हणून ब्रिटनमध्ये १८६४ साली आणि हिंदुस्थानात १८६८ साली सांसर्गिक रोगांचा कायदा झाला. मुंबईतही तो लागू झाला. त्यानुसार वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांनी सरकारदरबारी नोंद करायची आणि ठराविक मुदतीने शारीरिक तपासणीला हजर व्हायचे. रोग दिसला तर ‘लॉक हॉस्पिटल’ नावाच्या रुग्णालयात कोंडून ठेवायचे. त्यांच्याकडे येणाऱ्या पुरुषांना मात्र असे काही बंधन नव्हते.

नीतीचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवू आणि नुसता वैद्यकाचा विचार करू. रक्तचाचणी तेव्हा अस्तित्वात नव्हती. डॉक्टर केवळ डोळ्यांनी पाहत. आतली जखम हुकली की बाई ‘निरोगी’. जखम भरली की बाई ‘बरी’. आणि ज्याने तिला रोग दिला, तो दारातून येतच राहिला. असा कायदा रोग कसा थांबवणार? ब्रिटनमध्ये जोसेफिन बटलर यांनी अनेक वर्षे लढा दिल्यावर १८८६ साली तो रद्द झाला. हिंदुस्थानात १८८८ साली.

कायदा गेला, नजर राहिली. माझ्या दवाखान्यात सासूबाईंनी सुनेकडे पाहिले, ती हीच नजर. गरोदर बाईची तपासणी होते म्हणून बहुतेक घरांत पहिला अहवाल तिचा येतो. ज्याचा अहवाल आधी, तो दोषी, असे घरचे समजतात. पण रोग आधी कुणाला झाला हे रक्ताच्या अहवालावरून ठरवता येत नाही. कृपया हे वाक्य दोनदा वाचा.

पडदा कसा उठला?

आधी एक गोंधळ सुटावा लागला. गरमी आणि परमा हे दोन वेगळे रोग आहेत की एकच, यावर डॉक्टर फार काळ भांडत होते. १७६७ साली जॉन हंटर या नामवंत स्कॉटिश शल्यविशारदाने परम्याचा पू टोचून पाहिला, तर त्या माणसाला गरमीही झाली. त्याने निष्कर्ष काढला : रोग एकच. बहुधा ज्याच्याकडून पू घेतला त्याला दोन्ही रोग असावेत. हंटरच्या दबदब्यामुळे ही चूक पन्नासहून अधिक वर्षे टिकली. १८३८ साली पॅरिसच्या फिलिप रिकॉर यांनी दोन्ही रोग वेगळे असल्याचे दाखवले आणि १८७९ मध्ये आल्बर्ट नायसर यांना परम्याचा जंतू सापडला. यातून आजच्या रुग्णाने घ्यायचा धडा असा : एक गुप्तरोग सापडला की दुसराही असू शकतो. म्हणून डॉक्टर एकाच वेळी चार चाचण्या सांगतात, त्याचा राग मानू नका.

गरमीचा जंतू सापडला १९०५ साली बर्लिनमध्ये, शाउडिन आणि हॉफमन यांना. मळसूत्रासारखा वळलेला, इतका बारीक आणि फिका की साध्या सूक्ष्मदर्शकातून सहज हुकावा. पुढच्याच वर्षी, १९०६ मध्ये, वासरमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तचाचणी शोधली. आता मुक्या काळातला रोगही बोलू लागला. आपल्या अहवालावर असते ती व्हीडीआरएल ही त्याच चाचणीची पुढची पिढी. ती अक्षरे म्हणजे ज्या अमेरिकन प्रयोगशाळेत ती तयार झाली, तिच्या नावाची आद्याक्षरे.

मग औषध. पाउल एर्लिश यांच्या जर्मनीतल्या प्रयोगशाळेत जपानी डॉक्टर हाता यांनी एकामागून एक संयुगे सशांवर तपासली. ६०६ क्रमांकाचे संयुग लागू पडले आणि १९१० मध्ये ते साल्वर्सान नावाने बाजारात आले. त्यात आर्सेनिक, म्हणजे सोमल होता. इंजेक्शने त्रासदायक होती, महिनोन्महिने घ्यावी लागत. तरी जंतूवर नेमका मारा करणारे ते पहिले औषध होते.

खरा शेवट १९४३ साली झाला. अमेरिकेत डॉ. महोनी आणि सहकाऱ्यांनी गरमीच्या चार रुग्णांना पेनिसिलिन दिले. चौघांच्या जखमांतले जंतू नाहीसे झाले. चारशे वर्षांच्या पाऱ्याची गरज संपली. आणखी मोठे नवल असे की आज, ऐंशीहून अधिक वर्षांनंतरही, हा जंतू पेनिसिलिनला दाद न देण्याइतका निर्ढावलेला नाही.

औषध होते, पण दिले नाही

हे सांगताना एक काळे पान वगळता येत नाही. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात टस्कीगी इथे १९३२ साली सरकारी आरोग्य खात्याने एक अभ्यास सुरू केला. ६०० गरीब कृष्णवर्णीय पुरुष निवडले. त्यातल्या ३९९ जणांना गरमी होती. त्यांना खरा आजार सांगितला नाही, फक्त ‘रक्त खराब आहे’ असे सांगितले. पेनिसिलिन आले, देशभर मिळू लागले, तरी या माणसांना दिले नाही. उपचाराविना रोग काय करतो हे शेवटपर्यंत पाहायचे होते. त्यांच्या बायकांनाही रोग लागला, मुलेही रोग घेऊन जन्मली. १९७२ मध्ये वर्तमानपत्रांतून हे उघड झाले तेव्हा चाळीस वर्षे उलटली होती. १९९७ साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी देशाच्या वतीने माफी मागितली.

रुग्णाला त्याच्या आजाराचे नाव सांगणे ही डॉक्टरची मेहेरबानी नाही, तो रुग्णाचा हक्क आहे. तुमच्या अहवालात काय आहे ते विचारा. समजेपर्यंत विचारा.

आपल्याकडे या विषयावर उघड बोलण्याचे धाडस र. धों. कर्वे यांनी केले. १९२७ पासून १९५३ पर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. संततिनियमन, गुप्तरोग आणि कामजीवन यांविषयी वाचकांच्या प्रश्नांना ते सरळ उत्तरे देत. त्यासाठी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. तो खटला ते हरले, दंड भरला आणि मासिक चालूच ठेवले.

आज तुम्ही काय करायचे?

*रोग कसा लागतो :* जखमेशी किंवा ओल्या चट्ट्यांशी थेट संबंध आल्याने. योनीमार्गे, गुदमार्गे आणि मुखमार्गे, तिन्ही प्रकारच्या संबंधांतून. आईकडून वारेतून पोटातल्या बाळाला. संडासच्या भांड्यावरून, एकत्र जेवण्याने, कपड्यांवरून किंवा पोहण्याच्या तलावात तो लागत नाही. निरोध वापरल्याने धोका बराच कमी होतो. पण निरोधाने न झाकलेल्या भागावर जखम असेल तर संपूर्ण संरक्षण मिळत नाही.

*तपासणी :* व्हीडीआरएल किंवा आरपीआर ही पहिली चाचणी. ती कधी कधी दुसऱ्या आजारांत आणि गरोदरपणातही खोटी पॉझिटिव्ह येते, म्हणून टीपीएचएसारखी दुसरी चाचणी करून खात्री करतात. नुकतीच लागण झाली असेल तर सुरुवातीला चाचणी निगेटिव्ह येऊ शकते, काही आठवड्यांनी पुन्हा करावी लागते. उपचारानंतर व्हीडीआरएलचा आकडा हळूहळू उतरतो, म्हणजे १:३२ वरून १:८ असा. त्यावरून उपचार लागू पडला का ते कळते. टीपीएचए मात्र बहुतेकांत आयुष्यभर पॉझिटिव्ह राहते. आखाती देशात नोकरीसाठी जाताना होणाऱ्या तपासणीत ही चाचणी असते. जुना, पूर्ण उपचार झालेला रोग असूनही अहवाल पाहून माणूस हादरतो. म्हणून उपचाराचे कागद जपून ठेवा.

*उपचार :* लागण पहिल्या वर्षातली असेल तर बेन्झाथिन पेनिसिलिनचे २४ लाख युनिटचे इंजेक्शन एकदा. वर्षापेक्षा जुनी किंवा कधीची ते माहीत नसेल तर आठवड्याच्या अंतराने तीन. हे इंजेक्शन दुधासारखे दाट असते आणि कमरेत देतात, दुखते. पण त्याचे औषध रक्तात हळूहळू उतरते आणि बरेच दिवस टिकते. हा जंतू अतिशय सावकाश वाढतो, म्हणून औषधही रेंगाळणारे लागते. पहिल्या इंजेक्शननंतर काही तासांत ताप, थंडी, अंगदुखी होऊ शकते. ते एका दिवसात जाते. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर आधी सांगा, दुसरी औषधे आहेत. मेंदू किंवा डोळ्यांपर्यंत रोग गेला असेल तर रुग्णालयात दाखल करून शिरेतून पेनिसिलिन द्यावे लागते.

*जोडीदार :* दोघांचीही तपासणी आणि गरजेप्रमाणे दोघांचाही उपचार. एकालाच औषध दिले तर रोग पुन्हा परत येतो. उपचार पूर्ण होऊन जखमा भरेपर्यंत संबंध टाळा. एकदा झाला म्हणून पुन्हा होणार नाही असे नाही.

*दुसरे गुप्तरोग :* लघवीला जळजळ आणि पू, संबंधानंतर साधारण आठवड्याच्या आत, हे परम्याचे लक्षण. परम्याचा जंतू मात्र एकेका अँटिबायोटिकला निर्ढावत चालला आहे, म्हणून मेडिकलच्या दुकानातून मनाने गोळ्या घेऊ नका. क्लॅमिडिया स्त्रियांमध्ये बहुतेकदा मुका असतो आणि गर्भनलिका खराब करतो. पुन्हा पुन्हा येणारे, दुखणारे बारीक फोड हे हर्पिसचे. मोडांसारखे चामखीळ एचपीव्हीचे, आणि त्यावर लस आहे. हिपॅटायटिस बीवरही लस आहे. गुप्तांगावर कोणतीही जखम असताना एचआयव्ही शिरण्याची शक्यता वाढते, म्हणून एचआयव्हीची चाचणीही करा. भारतात एचआयव्ही प्रथम आढळला १९८६ साली, चेन्नईत, डॉ. सुनीती सोलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली झालेल्या कामातून. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे. तेव्हा त्यावर औषध नव्हते. आज रोज गोळी घेऊन विषाणू दबलेला ठेवता येतो आणि तसा ठेवला तर संबंधातून तो जोडीदाराला लागत नाही.

सरकारी रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ नावाने गुप्तरोगांचे विभाग आहेत. तिथे तपासणी आणि औषधे मोफत मिळतात, माहिती गुप्त ठेवली जाते. विचारायचे असेल तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे.

शेवटी त्या घराचे काय झाले?

नवऱ्याचीही चाचणी पॉझिटिव्ह आली. दोघांनाही आठवड्याच्या अंतराने तीन-तीन इंजेक्शने दिली. उपचार न झालेली गरमी असेल तर गर्भपात होऊ शकतो, बाळ पोटातच दगावू शकते किंवा रोग घेऊन जन्मू शकते. वेळेत पेनिसिलिन मिळाले तर बहुतेक बाळे वाचतात. चौथा महिना ही उत्तम वेळ होती. बाळ पूर्ण दिवसांचे, नीट वजनाचे झाले. बाळाची रक्ततपासणी केली, पुढेही करत राहिलो, सगळे ठीक निघाले.

इंजेक्शनपेक्षा अवघड काम दुसरेच होते. तिसऱ्या इंजेक्शनच्या दिवशी नवऱ्याने स्वतःच आईला खोलीत बोलावले आणि म्हणाला, “आई, हे माझ्यामुळं झालं.” सासूबाई काही बोलल्या नाहीत. जाताना त्यांनी सुनेची पिशवी आपल्या हातात घेतली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे ८० लाख प्रौढांना नव्याने सिफिलिस झाला. चाचणी स्वस्त आहे आणि औषध तर ऐंशी वर्षे जुने आहे, तरीही. म्हणून एवढेच सांगणे : गुप्तांगावर जखम झाली आणि आपोआप गेली, तर सुटलो म्हणू नका. त्याच आठवड्यात रक्त तपासा. आणि अहवाल घरात कुणाच्याही नावाने येवो, त्यावर औषधाचा पत्ता शोधा, गुन्हेगाराचा नको.